मनोविकलता व मताधिकार

मनोविकलता व मताधिकार : मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ नागरिकाचा मतदारयादीत नाव नोंदविण्याचा व प्रत्यक्ष मत देण्याचा हक्क, आणि तो हक्क कोणत्या परिस्थितीत व कोणाच्या निर्णयाने काढून घेता येतो, यासंबंधीचा कायदा व व्यवहार. भारतात आजारामुळे किंवा बौद्धिक अक्षमतेमुळे कोणाचाही मताधिकार आपोआप नष्ट होत नाही. तो नष्ट होण्यास सक्षम न्यायालयाची स्पष्ट घोषणा लागते. अशी घोषणा क्वचितच होते. तथापि मतदारयादीत ज्यांचे नाव कधीच आले नाही अशा मनोरुग्णांची व बौद्धिक अक्षम व्यक्तींची उदाहरणे गावोगावी आढळतात. कायदा आणि व्यवहार यांतील हे अंतर हाच या विषयाचा गाभा होय.

परिभाषा : ‘मनोविकल’ ही संज्ञा वैद्यकाची नसून कायद्याची आहे. वैद्यक ज्यास छिन्नमानस, उद्दीपन-अवसाद किंवा स्मृतिभ्रंश म्हणते, त्या आजाराचा रुग्ण कायद्याच्या दृष्टीने मनोविकल असेलच असे नाही. भारतीय संविदा अधिनियमानुसार (१८७२) मनोरुग्णालयात असलेला, परंतु मधूनमधून ताळ्यावर येणारा रुग्ण त्या अवधीत करार करू शकतो. दंडविधानात प्रश्न केवळ कृत्याच्या क्षणी असलेल्या मनःस्थितीचा असतो. अशा प्रकारे एकच संज्ञा प्रत्येक कायद्यात वेगळ्या मापाने लावली जाते. बौद्धिक अक्षमता ही आणखी निराळी. पूर्वी तिला मतिमंदत्व म्हणत. ती आजार नसून जन्मतः किंवा विकासाच्या वयात उद्भवणारी मर्यादा आहे, आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून ती स्पष्टपणे वगळली आहे. बोलीभाषेत मात्र ‘वेडा’ व ‘खुळा’ या दोन शब्दांत सर्वांचीच बोळवण होते आणि मतदारयादीच्या कामात हा बोलीतला अर्थच पुष्कळदा प्रभावी ठरतो.

२०११ च्या जनगणनेत भारतात सु. १५ लाख व्यक्तींची नोंद मतिमंद म्हणून, तर सु. ७·२ लाख व्यक्तींची नोंद मनोरुग्ण म्हणून झाली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने मात्र प्रौढांपैकी सु. १०·६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दाखविले. या दोन आकड्यांतील तफावत बोलकी आहे. सर्वेक्षणात गणल्या गेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक नोकरी, व्यापार, शेती करतात व मतही देतात. त्यांच्या मताधिकाराविषयी कोणी शंका घेत नाही. शंका घेतली जाते ती ज्यांचा आजार किंवा मर्यादा शेजाऱ्यांच्या नजरेस पडते त्यांच्याबद्दल.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्लंडच्या रूढिजन्य कायद्यात जन्मतः बुद्धिहीन समजल्या गेलेल्या व्यक्तीस मताधिकार नव्हता, भ्रमिष्टास मात्र तो शुद्धीवर असताना मत देता येई. भारतात मर्यादित मताधिकार देणाऱ्या १९१९ च्या सुधारणांखालील निवडणूक-नियमांनी या बाबतीत न्यायालयीन निर्णयाची अट घातली. १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाच्या सहाव्या परिशिष्टात ती पुन्हा आली. त्या काळी मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांवर मताधिकार अवलंबून असल्यामुळे या अटीचा उपसर्ग फारच थोड्यांना होत असे. संविधानाने प्रौढ मताधिकार स्वीकारला, तरी जुनी अट कायद्यात पुढे चालू राहिली.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या (१९५१-५२) वेळी सु. १७·३ कोटी मतदार होते आणि १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता केवळ १८·३३ टक्के होती. निरक्षरास राज्यकारभारातले काय कळणार, हा आक्षेप तेव्हा जोराने घेतला जात असे. त्यावर मतदाराची परीक्षा घेण्याचा मार्ग न पत्करता उमेदवारांना चिन्हे देण्याचा मार्ग पत्करण्यात आला. मतदाराची समज मोजण्याऐवजी मतदानाची रीत सोपी करणे, हे भारतीय निवडणूक-पद्धतीचे मूळ धोरण होय. बौद्धिक अक्षम मतदाराच्या संदर्भात त्याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते.

संविधान व कायदे : संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदानुसार लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराने होतात. मताधिकाराची वयोमर्यादा प्रारंभी २१ वर्षे होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ती १९८९ पासून १८ वर्षांवर आणली. अनिवास, मनोविकलता, गुन्हा आणि भ्रष्ट किंवा अवैध आचार या कारणांवरून कायद्याने एखाद्यास अपात्र ठरविता येते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० याच्या सोळाव्या कलमात हे स्पष्ट केले असून, व्यक्ती मनोविकल असली आणि सक्षम न्यायालयाने तसे घोषित केलेले असले, तरच ती नोंदणीस अपात्र ठरते. या वाक्यातील ‘आणि’ महत्त्वाचा आहे. दोन्ही गोष्टी एकत्र असल्याखेरीज अपात्रता येत नाही. डॉक्टरांचा दाखला, रुग्णालयातील नोंद, अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा कुटुंबीयांचे म्हणणे यांपैकी काहीही न्यायालयाच्या घोषणेची जागा घेऊ शकत नाही. १९५१ च्या अधिनियमातील बासष्टावे कलम हीच अपात्रता प्रत्यक्ष मतदानास लागू करते. त्याच कलमानुसार तुरुंगातील बंद्यास मत देता येत नाही; मनोरुग्णालयाचा उल्लेख तेथे नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लोकसभेचे व विधिमंडळाचे सदस्यत्व (अनुच्छेद १०२ व १९१) यांसाठीही न्यायालयीन घोषणेचीच अट आहे.

न्यायालयाने ही घोषणा कोणत्या कार्यपद्धतीने करावयाची, हा प्रश्न आता अधिक अवघड झाला आहे. १९१२ च्या भारतीय लुनसी अधिनियमात व त्याची जागा घेणाऱ्या मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ (अंमल १९९३ पासून) यात जिल्हा न्यायालयाने चौकशी करून निर्णय देण्याची तरतूद होती. तिचा मुख्य हेतू मालमत्तेचे रक्षण हा होता, मताधिकाराचा विचार त्यात नव्हताच. २०१७ च्या अधिनियमाने १९८७ चा कायदा रद्द केला. त्याबरोबर ही चौकशीही गेली. नव्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात असे म्हटले आहे, की मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून ती व्यक्ती मनोविकल आहे असे समजता येणार नाही. दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेल्या व्यक्तींसाठी पालक नेमण्याची कायदेशीर वाट न उरल्याने मुंबई उच्च न्यायालयासह अनेक उच्च न्यायालयांनी आपल्या अंगभूत अधिकारात असे पालक नेमले आहेत. अशा आदेशाने मताधिकार जातो किंवा कसे, हे कोठेही सांगितलेले नाही. अपात्रता कायम, परंतु ती ठरविण्याची रीत लुप्त, अशी ही विचित्र स्थिती आहे.

वसई-विरारमधील व्यवहार : पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात या तरतुदी प्रत्यक्ष कशा लागू पडतात हे पाहणे उद्‌बोधक आहे, कारण येथे जुनी गावे व नवी नागरी वस्ती एकमेकींस लागून आहेत. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून २००९ मध्ये येथे महानगरपालिका झाली. २०११ मध्ये तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक होती. विधानसभेसाठी हा भाग मुख्यत्वे वसई व नालासोपारा, आणि काही अंशी बोईसर या मतदारसंघांत मोडतो. तिन्ही पालघर लोकसभा मतदारसंघात आहेत. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता.

पश्चिम पट्ट्यातील वाड्यांतून व कोळीवाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणारी कुटुंबे आहेत. तेथे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरातील माणसे ओळखत असतो आणि नाव नोंदविण्यास पुराव्याची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती संकोचाची. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या भावंडांची नावे यादीत जातात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे नाव देण्याचे आईवडिलांच्या मनातच येत नाही. ‘त्याला काय कळतंय’ हे उद्‌गार तिरस्काराचे नसतात, बहुधा काळजीचेच असतात. परिणाम मात्र अपात्रतेचाच होतो. पूर्वेकडील नालासोपारा-विरारच्या चाळींत व इमारतींत वेगळीच अडचण असते. मुंबईतून किंवा परप्रांतातून आलेली कुटुंबे भाड्याच्या घरांतून घरे बदलत असतात. प्रत्येक स्थलांतरात मिळवते लोक आपली नावे नव्या यादीत हलवितात. घरातील आजारी माणसाचे नाव जुन्या पत्त्यावर राहते व पुढे पुनरीक्षणात ‘स्थलांतरित’ म्हणून वगळले जाते. येथे कोणी कोणाचा हक्क हेतुतः हिरावून घेतलेला नसतो.

नोंदणीची रीत तशी साधी आहे. नमुना ६ चा अर्ज भरावयाचा असतो. राहण्याच्या पुराव्यासाठी त्याच पत्त्यावरील आईवडिलांच्या नावाचे कागदपत्रही चालते. स्वाक्षरी करता न आल्यास अंगठा चालतो. अर्जात अपंगत्वाचा प्रकार ऐच्छिकपणे नोंदविता येतो. तेथे अस्थिव्यंग, दृष्टिदोष व मूकबधिरता यांचा वेगळा उल्लेख आहे, अन्य प्रकार लिहून द्यावा लागतो. ही नोंद टाळण्याकडे कुटुंबांचा कल असतो. वस्तुतः पुढे मिळणाऱ्या सोयी त्या नोंदीवरच अवलंबून असल्याने ती टाळण्यात हित नाही. मतदार नोंदणी अधिकाऱ्यास अर्जदाराची बुद्धी तपासण्याचा अधिकार नाही. आधीच यादीत असलेले नाव वगळावयाचे, तर संबंधितास म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. त्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पुढे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

रुग्णालयात दीर्घकाळ असलेल्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ठाण्याचे रुग्णालय १९०१ पासूनचे असून उत्तर कोकणातील रुग्ण तेथे जातात. १९५० च्या अधिनियमाच्या विसाव्या कलमानुसार मनोरुग्णालयातील रुग्ण केवळ तेथे दाखल आहे एवढ्यावरून तेथील ‘सर्वसाधारण रहिवासी’ ठरत नाही. म्हणजे विरारचा रुग्ण ठाण्यात वर्षभर असला, तरी कायद्याने तो विरारचाच मतदार राहतो. तरतूद हिताची आहे. घर कायम आहे असे ती मानते. परंतु ज्या रुग्णास घरच्यांनी परत नेलेच नाही, किंवा ज्याचे घरच मोडले, त्याचे काय? विरारच्या यादीतून त्याचे नाव अनिवासी म्हणून जाते आणि ठाण्याच्या यादीत ते येत नाही. कलमातील ‘केवळ’ या अर्थाच्या शब्दाने येथे वाट ठेवली आहे; ज्यास दुसरा निवारा नाही, त्याचे रुग्णालय हेच घर मानता येते. चेन्नईत किल्पॉक येथील मानसिक आरोग्य संस्थेत २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत संस्थेच्या आवारातच मतदान केंद्र उघडण्यात आले व दीडशेच्या आसपास रुग्णांनी मत दिले. डॉक्टरांनी सक्षम ठरविलेल्यांचीच नावे तेथे नोंदविण्यात आली होती. ही गाळणी कायद्याने सांगितलेली नाही. व्यवहाराने ती निर्माण केली आहे आणि तिचे समर्थन सोपे नाही, कारण अशी परीक्षा अन्य कोणत्याच मतदारास द्यावी लागत नाही.

पालकत्व व मत : बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली पालक नेमता येतो. बँक-खाते, निवृत्तिवेतन व वारसा यांसाठी पुष्कळ पालकांना याची गरज पडते. अशा नेमणुकीने मुलाचे मत जाईल, अशी भीती त्यांना वाटते. ती निराधार आहे. ही नेमणूक जिल्हाधिकारी सदस्य असलेली स्थानिक स्तर समिती करते. ती न्यायालय नव्हे आणि मनोविकलतेची घोषणाही करीत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या चौदाव्या कलमातील मर्यादित पालकत्व तर ठराविक निर्णयांपुरते व ठराविक मुदतीपुरते असते आणि संबंधित व्यक्तीच्या इच्छेनुसार चालावे अशी त्यात अपेक्षा आहे.

ही भीती अन्यत्र खरी ठरली होती. जपानमध्ये पूर्ण पालकत्वाखाली गेलेल्या व्यक्तीचा मताधिकार कायद्याने आपोआप जाई. डाऊन लक्षणसमूह असलेली एक स्त्री वीस वर्षांची झाल्यापासून नियमाने मत देत होती. २००७ मध्ये वडील तिचे पालक झाले आणि तिचे मत गेले. टोकिओ जिल्हा न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ही तरतूद संविधानविरोधी ठरविली. जपानी संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला व सु. १,३६,००० लोकांना मत परत मिळाले.

मतदान केंद्रावरील व्यवस्था : नाव यादीत असलेल्या व्यक्तीस ओळख पटल्यावर मत देऊ न देण्याचा अधिकार केंद्राध्यक्षास, न्यायालयाची घोषणा समोर नसता, नाही. मतदानयंत्राचे पुठ्ठ्याचे प्रारूप दाखवून यंत्र कसे वापरावे हे तो समजावून सांगू शकतो. संथपणे शिकणाऱ्या मतदारास ही सोय फार उपयोगी पडते. मतदान कक्षात सोबती नेण्याची परवानगी निवडणूक संचालन नियम, १९६१ यांतील ४९ ढ या नियमाने दिली आहे. सोबती अठरा वर्षांवरील असावा, एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती व्हावा आणि मत गुप्त ठेवण्याचे प्रतिज्ञापन करावे, अशा त्याच्या अटी आहेत. तथापि नियमाचे शब्द अंधत्व व अन्य शारीरिक दुर्बलता यांपुरतेच आहेत. चालता-बोलता येणाऱ्या, परंतु कक्षातील एकांताने गोंधळणाऱ्या तरुणास सोबती मिळावा की नाही, हे केंद्राध्यक्षाच्या समजुतीवर राहते. त्यामुळे एकाच इमारतीतील दोन केंद्रांवर दोन निर्णय होऊ शकतात. २०१६ च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमाने मतदान केंद्रे सुगम ठेवण्याबरोबरच निवडणुकीचे सर्व साहित्य दिव्यांगांना सहज समजेल असे करण्याची जबाबदारी निवडणूक आयोगावर व राज्य निवडणूक आयोगांवर टाकली आहे. उतरत्या मार्गिका व चाकांच्या खुर्च्या यांबाबत, विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधील आदेशापासून, बरीच प्रगती झाली. सोप्या मराठीतील चित्रमय माहितीपत्रक मात्र अजून दुर्मिळच आहे. मतदान केंद्रावर जाणे अशक्य असणाऱ्या, ४० टक्के वा अधिक प्रमाणित अपंगत्व असलेल्या मतदारास घरून टपाली मत देण्याची सोय २०१९ मधील नियमदुरुस्तीने झाली. २० मे २०२४ रोजी पालघर मतदारसंघात झालेल्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी ती देशभर उपलब्ध होती. रुग्णालयात दाखल असलेल्या सर्वसाधारण रुग्णास अशी सोय नाही.

आक्षेप : घरातील कर्ता माणूस आजारी माणसाचे मत स्वतःच देईल, हा सर्वांत वारंवार घेतला जाणारा आक्षेप होय. तो अगदीच पोकळ नाही. परंतु पतीच्या, जातीच्या किंवा मालकाच्या सांगण्यावरून मत देणारे मतदार थोडे नाहीत. म्हणून त्यांचा हक्क काढून घ्यावा असे कोणी म्हणत नाही. गैरवाजवी दडपण आणणे हा १९५१ च्या अधिनियमाच्या १२३ व्या कलमानुसार भ्रष्टाचार आहे आणि त्याचा दोष दडपण आणणाऱ्यावर येतो, ज्याच्यावर ते येते त्याच्यावर नव्हे. दुसरा आक्षेप क्षमतेचा. अमेरिकेतील मेन राज्यात पालकत्वाखालील मनोरुग्णांना असलेली मतबंदी संघीय न्यायालयाने २००१ मध्ये रद्द केली, तेव्हा मतदान म्हणजे काय व त्याचा परिणाम काय एवढी समज पुरेशी, असा निकष पुढे आला. या निकषावर रचलेल्या चाचण्यांत सौम्य स्मृतिभ्रंशाचे बहुतेक रुग्ण उत्तीर्ण होतात असे आढळले.

अन्य देश व आंतरराष्ट्रीय करार : संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास (२००६) भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याच्या २९ व्या अनुच्छेदात इतरांच्या बरोबरीने मत देण्याचा व निवडणूक लढविण्याचा हक्क आहे आणि त्यास मनोविकलतेचा अपवाद नाही. ग्रेट ब्रिटनने जुना रूढिजन्य नियम २००६ मध्ये रद्द केला. हंगेरीत पालकत्वाखाली गेलेल्या एका रुग्णाच्या दाव्यात यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये सरसकट बंदी अवैध ठरविली. त्यावर हंगेरीने प्रत्येकाची वेगळी न्यायालयीन तपासणी करण्याचा मार्ग काढला. करारान्वये नेमलेल्या समितीने २०१३ मध्ये तोही भेदभावाचाच ठरविला. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेथील अपात्रता रद्द केली आणि स्पेनने २०१८ मध्ये कायदा बदलून सु. एक लाख लोकांना मत दिले. भारतातील व्यक्तिशः घोषणेची अट सरसकट बंदीपेक्षा सौम्य आहे. मात्र समितीच्या २०१३ च्या भूमिकेच्या कसोटीवर ती उतरत नाही. ती बदलण्यासाठी १९५० च्या अधिनियमातील कलमाची दुरुस्ती पुरेशी आहे. ३२६ वा अनुच्छेद अपात्रता घालण्याची परवानगी देतो, सक्ती करीत नाही.

स्थानिक संस्था : महानगरपालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, मात्र त्यांसाठी विधानसभेचीच मतदारयादी प्रभागवार विभागून वापरली जाते. त्यामुळे विधानसभेच्या यादीतून सुटलेले नाव वसई-विरार महानगरपालिकेच्या प्रभागाच्या यादीतही येत नाही, आणि तालुक्यातील महानगरपालिकेबाहेरच्या गावांत ग्रामपंचायतीच्या यादीतही येत नाही. ज्या संस्थेकडून पाणी, दवाखाना व दिव्यांगांसाठीच्या योजना मिळावयाच्या, तिच्या निवडणुकीतही अशा व्यक्तीस मत राहत नाही. यादीच्या वार्षिक पुनरीक्षणात, तसेच निरंतर नोंदणीच्या काळात केव्हाही, नमुना ६ भरून हे नाव घालता येते.